भिषङ्माता अंगणी असावी : दवाखान्याभोवतीच्या सदाहरित अडुळशाविषयी

शार्ङ्गधर संहितेच्या प्रथम खंडात द्रव्यग्रहणाचे सामान्य नियम सांगितले आहेत. शुष्क द्रव्याच्या ठिकाणी आर्द्र द्रव्य घ्यावयाचे झाल्यास ते द्विगुण घ्यावे, हा त्यांपैकी एक. मात्र याच नियमाला जोडून आचार्यांनी नऊ द्रव्यांचा अपवाद दिलेला आहे. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही द्रव्ये सदैव आर्द्र स्थितीतच वापरावीत आणि आर्द्र असूनही ती द्विगुण करू नयेत, असा तो निर्देश आहे. पदवी अभ्यासक्रमात हा भाग आपण सर्वांनीच पाठ केलेला असतो. प्रत्यक्ष चिकित्साव्यवहारात मात्र या नऊपैकी बहुतेक द्रव्ये आपण बाजारातील चूर्णाच्या रूपात विकत घेतो आणि चूर्णाच्याच रूपात रुग्णास देतो.

या नऊ द्रव्यांपैकी वासा, म्हणजेच आपला अडुळसा, हे असे द्रव्य आहे की ज्याच्या बाबतीत आचार्यांचा निर्देश पाळणे लहान गावातील वैद्यासही सहज शक्य आहे. त्यासाठी शेती लागत नाही, विहीर लागत नाही, अनुदानाचीही वाट पाहावी लागत नाही. दवाखान्याच्या किंवा घराच्या कुंपणालगतची दोन-तीन फूट रुंदीची पट्टी पुरेशी होते. प्रस्तुत लेखात बालाघाटच्या पठारावरील पाटोद्यासारख्या अवर्षणप्रवण भागात अडुळशाचे आटोपशीर, बारमाही हिरवे कुंपण कसे करावे, ते कसे राखावे आणि त्यातून नित्य वापरासाठी ताजे औषध कसे घ्यावे, याचा विचार केला आहे.

पर्यायनामे व गुणधर्म

भावप्रकाश निघंटूच्या गुडूच्यादि वर्गात वासकाचे वर्णन आले आहे. वासक, वासिका, वासा, सिंहिका, सिंहास्य, वाजिदंता, आटरूष, वृष ही त्याची प्रचलित पर्यायनामे होत. सिंहास्य आणि वाजिदंता ही नावे फुलांच्या आकारावरून पडली आहेत. फूल समोरून पाहिल्यास सिंहाच्या उघड्या मुखासारखे भासते व कणिसातील पांढऱ्या फुलांची रांग घोड्याच्या दातांची आठवण करून देते. तथापि सर्वांत विचार करावयास लावणारे नाव आहे ते ‘भिषङ्माता’, अर्थात वैद्याची माता. मातेचा सहवास दूरच्या बाजारपेठेतून मागविता येत नाही. ती घरातच असावी लागते. या नावातील हा संकेत आपण घेतला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रसाने तिक्त व कषाय, गुणाने लघु व रूक्ष, वीर्याने शीत, विपाकाने कटु आणि दोषघ्नतेने कफपित्तशामक असे हे द्रव्य आहे. कास, श्वास, रक्तपित्त, क्षय, ज्वर, छर्दी, तृष्णा या विकारांत त्याचा उपयोग सांगितला आहे. भावमिश्रांनी त्यास वातकर म्हटले आहे, ही गोष्ट मात्र अनेकदा दृष्टीआड होते. त्याचा विचार पुढे केला आहे.

वनस्पतिशास्त्रात या झुडपाचे नाव जस्टिशिया अधाटोडा असे असून जुन्या ग्रंथांतून ते अधाटोडा वासिका या नावाने आढळते. कुल अ‍ॅकँथेसी. पानांतील वासिसिन या अल्कलॉइडचा शोध १८८८ साली हूपर यांनी लावला. पुढे १९६० च्या दशकात प्रचारात आलेले ब्रोमहेक्सिन आणि त्यापासूनचे अ‍ॅम्ब्रोक्सॉल ही खोकल्यावरील आधुनिक औषधे याच वासिसिनच्या रचनेवरून बेतलेली आहेत. औषध दुकानातील कफ सिरपच्या कित्येक बाटल्यांमागे अशा रीतीने आपल्या कुंपणावरील झुडपाचाच वंश उभा आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ताजेपणाचा आग्रह कशासाठी ?

अडुळशाची पाने वाळविताना व वाळवून साठविताना त्यांतील वासिसिनचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन वासिसिनोन तयार होते, हे रासायनिक अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. प्रकाश व हवा यांमुळे ही क्रिया वाढते. याचा अर्थ वाळलेले पान निरुपयोगी असते असा नव्हे. आयुर्वेदिक फार्माकोपियामध्ये क्वाथासाठी शुष्क पत्राची मात्राही दिलेली आहे. परंतु ताजे पान आणि वर्षभर पोत्यात राहिलेले पान ही रासायनिकदृष्ट्या सारखी द्रव्ये नव्हेत, हे मान्य करावे लागते. शार्ङ्गधरांनी अनुभवाच्या आधारे दिलेला निर्देश आणि प्रयोगशाळेतील हे निरीक्षण परस्परांना पूरक आहेत.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. ताज्या पानात भेसळ करणे अवघड, चूर्णात सोपे. आपल्याच कुंपणावरून तोडलेल्या पानाबद्दल वैद्यास शंका राहत नाही. चूर्णाबद्दल मात्र ती नेहमीच असते, आणि असावयास हवी.

ओळख व संदेहस्थाने

लागवडीसाठी रोप वा फाटा घेण्यापूर्वी वनस्पतीची निश्चित ओळख पटविणे आवश्यक आहे. अडुळसा हे दाट, बहुशाख झुडूप असून मोकळे सोडल्यास साधारणपणे पुरुषभर वा त्याहून थोडे उंच होते. पाने समोरासमोर, भालाकृती, दोन्ही टोकांस निमुळती, दहा ते वीस सेंटिमीटर लांब व अखंड कडांची असतात. फुले पांढरी, द्व्योष्ठी, खालच्या ओठावर जांभळट रेषा असलेली, हिरव्या पुष्पपत्रांच्या दाट कणिसात येतात. फळ गदेच्या आकाराचे, चार बियांचे. पान चुरगाळल्यास विशिष्ट उग्र गंध येतो व चव अत्यंत कडू असते.

पुढील तीन ठिकाणी घोटाळा संभवतो.

पहिले, महारूख. गुजरातेत महारूखाच्या झाडास ‘अरडूसो’ व खऱ्या अडुळशास ‘अरडूसी’ म्हणतात. या नामसाम्यामुळे महारूखाची पाने अडुळसा म्हणून बाजारात येतात. महारूख हा मोठा वृक्ष असून त्याचे पान संयुक्त, पर्णिका तळाशी असमान व कडेने ओबडधोबड दंतुर असतात. अख्खे पान समोर असल्यास चूक होण्याचे कारण नाही. पण एकदा चूर्ण झाले की डोळ्यांनी भेद करणे कठीण. सूक्ष्मदर्शकाखाली अडुळशाच्या पत्रचूर्णात सिस्टोलिथ नावाचे चुन्याचे लांबट साठे दिसतात. हे अ‍ॅकँथेसी कुलाचे लक्षण असून महारूखात ते नसते.

दुसरे, काळा अडुळसा, म्हणजेच जस्टिशिया जेंडारुसा. ही वनस्पतीही कुंपणासाठी लावली जाते आणि रोपवाटिकेत नुसता ‘अडुळसा’ मागितल्यास तीच हाती पडण्याचा संभव असतो. तिची पाने अरुंद व गडद असून खोडे काळपट जांभळी असतात. तिचे उपयोग वेगळे आहेत. वासेच्या ठिकाणी ती घेऊ नये.

तिसरे, केरळातील लहान अडुळसा. तेथील वैद्य जस्टिशिया बेडोमी ही लहान पानांची जाती वासा म्हणून अधिक पसंत करतात. आपल्याकडे तिची रोपे क्वचितच मिळतात. दक्षिणेकडील कल्पांच्या पाठात ‘वासा’ शब्द वाचताना हा प्रादेशिक भेद औषध निर्मात्यांनी ध्यानात ठेवावा, इतकेच.

पाटोद्याची भूमी व सदाहरित झुडपाची निवड

पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला आहे. मांजरा नदीचा उगम याच डोंगरात होतो आणि सौताड्याजवळ विंचरणा नदी खोल दरीत कोसळते. ही नावे ऐकून परक्या माणसास हा प्रदेश जलसमृद्ध वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा भाग. बीड जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साधारण सहाशे ते सातशे मिलिमीटर, आणि तेही भरवशाचे नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ ची टंचाई तर आपण सर्वांनी अनुभवली आहे. डोंगरउतारावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम व कातळ, आणि सखल भागात चुनखडीयुक्त काळी जमीन अशी येथील भूमीची रचना आहे.

अलीकडे नवीन घरे व रुग्णालये बांधताना भोवती शोभेची सदाहरित झुडपे लावण्याची आवड वाढली आहे. पाश्चात्त्य बागकामाच्या पुस्तकांत यासाठी हॉली वंशातील ठेंगण्या झुडपांची शिफारस असते. ती झुडपे दिसावयास सुबक असली तरी त्यांना थंड हवा व किंचित आम्लधर्मी जमीन मानवते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्यांची पाने पिवळी पडणारच. ड्युरांटासारख्या शोभेच्या झुडपांना उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे लागते आणि बदल्यात त्यांपासून औषध म्हणून काही मिळत नाही.

अडुळसा या दोन्ही दृष्टींनी उजवा ठरतो. हलक्या, मुरमाड, चुनखडीच्या जमिनीत तो तग धरतो. फाल्गुन-चैत्रात नायगावच्या मयूर अभयारण्याच्या डोंगरांवरील बहुतेक झाडे निष्पर्ण झालेली असतात, त्या काळातही थोड्याशा पाण्यावर त्याचे कुंपण हिरवे राहते. पाण्याचा फारच ताण पडल्यास खालची पाने गळतात, परंतु मूळ मरत नाही. पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटवे येतात. पाने कडू असल्यामुळे शेळ्या व गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. ज्या गावात सायंकाळी शेळ्यांचे कळप रस्त्यावरून परततात, तेथे हा गुण किती मोलाचा आहे हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक सूचना. अभयारण्यातून कोणतीही वनस्पती तोडून वा उपटून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अन्वये गुन्हा आहे. लागवडीसाठी फाटे परिचितांच्या कुंपणावरून, महाविद्यालयाच्या वनौषधी उद्यानातून अथवा खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावेत.

लागवड

अडुळशाची लागवड फाट्यापासून सुलभ होते. पक्व, पेन्सिलीच्या जाडीची, तीन ते चार पेरे असलेली पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीची फांदी घ्यावी. खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली तिरका घ्यावा. वरची दोन पाने अर्धी कापून ठेवावीत व बाकीची काढावीत. माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग भरलेल्या पिशवीत दोन पेरे मातीत जातील अशा बेताने फाटा रोवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावलीत फाटे लावल्यास पावसाळ्याच्या आरंभी रोपे लागवडीस तयार होतात. पिशव्यांना माफक पाणी द्यावे. ते साचल्यास फाटा कुजतो.

जून-जुलैमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपे जमिनीत लावावीत. कुंपणासाठी दोन रोपांत दीड फुटाचे अंतर ठेवावे. वीस फूट लांबीच्या बाजूस या हिशेबाने चौदा रोपे लागतात. खड्डा एक फूट लांब, रुंद व खोल असावा. मुरूम असल्यास पहारीने तळ मोकळा करावा आणि खड्डा चांगली माती व दोन-तीन किलो शेणखत घालून भरावा. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर रोपे किंचित उंच वरंब्यावर लावावीत. अडुळसा अवर्षण सोसतो, मात्र मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही.

पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यानंतर प्रत्येक रोपास आठवड्यातून चार ते पाच लिटर पाणी द्यावे. चौदा रोपांस हे पाणी आठवड्यास साठ-सत्तर लिटर, म्हणजे चार-पाच हंडे होते. बुंध्याशी उसाचे पाचट किंवा वाळका पाला पसरल्यास त्यातही बचत होते. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पाणी दिले तरी चालते. टँकरच्या दिवसांत घरातील भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी यासाठी राखून ठेवावे. दवाखान्यातील जंतुनाशके, उपकरणे धुतलेले पाणी वा जखमा धुतलेले पाणी मात्र या झुडपांना कदापि घालू नये. ही शोभेची बाग नसून औषधाचे भांडार आहे, याचे भान सुटता कामा नये.

याच कारणास्तव जागेची निवडही विचारपूर्वक करावी. वर्दळीच्या रस्त्याची धूळ व धूर जेथे थेट बसतो ती बाजू, शौचालयाच्या शोषखड्ड्यालगतची जागा, तसेच शेजारच्या शेतातील फवारणी जेथवर पोहोचते अशी सीमा टाळावी. किडीचा उपद्रव या झुडपास सामान्यतः कमी असतो. पानांवर ठिपके दिसल्यास दाटी कमी करून रोगट पाने काढून जाळावीत. अगदी गरज पडल्यास निंबोळी अर्क वापरावा. रासायनिक फवारणी करू नये.

छाटणी आणि पत्रसंग्रह

कुंपण आटोपशीर राहणे व औषध मिळणे या दोन गोष्टी अडुळशात एकाच कृतीने साधतात. छाटलेली कोवळी-मध्यम फांदी हेच आपले औषधद्रव्य होय.

रोप दीड-दोन फूट उंच झाल्यावर शेंडा एक फुटावर खुडावा. त्यामुळे बुंध्यापासून अनेक फुटवे येतात. पुढील छाटणी प्रत्येक वेळी आधीच्या कापाच्या वर चार-सहा इंच ठेवून करावी. अशा रीतीने दीड-दोन वर्षांत तीन ते चार फूट उंचीची, खालपासून भरलेली भिंत तयार होते. नंतर तीच उंची कायम राखावी. वरचा भाग तळापेक्षा किंचित अरुंद ठेवल्यास खालच्या पानांस ऊन मिळते व कुंपण बुडाशी उघडे पडत नाही. पाच-सहा वर्षांनी झुडूप लाकडी वाटू लागल्यास पावसाळ्याच्या प्रारंभी जमिनीपासून एक फुटावर पूर्ण छाटावे; ते नव्याने फुटते. सर्व झुडपे एकाच वर्षी न छाटता निम्मी-निम्मी घेतल्यास औषधात खंड पडत नाही.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात शाखा व पत्रे वर्षा आणि वसंत ऋतूंत, नव्याने आलेली अशी घ्यावीत, असे सांगितले आहे. मुख्य छाटणीच्या दोन वेळा या उपदेशाशी जुळवून ठेवाव्यात. एक पावसाळ्यात, दुसरी वसंतात. घृत, अवलेह, आसव यांसारख्या मोठ्या प्रमाणावरील कल्पांसाठी पाने या दोन वेळी घ्यावीत. नित्याच्या स्वरसासाठी मात्र वर्षभर लागतील तशी, प्रत्येक झुडपाच्या एकतृतीयांशाहून अधिक नव्हे, इतकी पाने खुडावीत. पहिले पूर्ण वर्ष औषधासाठी पाने घेऊ नयेत.

फुले फांद्यांच्या टोकांकडे येत असल्याने नियमित छाटलेल्या कुंपणास ती फारशी लागत नाहीत. म्हणून कोपऱ्यावरील एक-दोन झुडपे न छाटता वाढू द्यावीत. फुलांचा गुलकंद करता येतो, भुंगे व मधमाश्या येतात, आणि विद्यार्थ्यांना सिंहास्य व वाजिदंता या नावांचा अर्थ प्रत्यक्ष दाखविता येतो.

स्वरस : पुटपाक व बाष्पस्वेदन

अडुळशाची पाने नुसती कुटून पिळल्यास रस अत्यल्प निघतो, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणूनच येथे पुटपाकाचा विधी उपयोगी पडतो. स्वच्छ धुतलेल्या पानांचा कल्क करून त्याचा गोळा गंभारी, वड अथवा जांभूळ यांच्या पानांत गुंडाळावा, वर मातीचा एक ते दोन अंगुळे जाडीचा लेप द्यावा आणि निखाऱ्यांत ठेवावा. लेप निखाऱ्यासारखा लाल झाला की पाक सिद्ध झाला असे समजावे. बाहेर काढून, निवल्यावर माती व पाने दूर करून कल्क वस्त्रातून पिळावा. उष्णतेने पानांतील पेशी फुटतात व रस सुटतो.

रोजच्या धावपळीत हे शक्य नसल्यास वाफेचा उपाय सोयीचा आहे. इडलीपात्रात पाण्याच्या वर चाळणीत पाने ठेवून दहा-पंधरा मिनिटे वाफवावीत. पाने मऊ पडून रंग बदलला की खलात कुटून पिळावीत. पाने पाण्यात उकळू नयेत. तसे केल्यास तो क्वाथ होईल, स्वरस नव्हे. किती वजनाच्या पानांपासून किती रस निघाला, याची नोंद ऋतूनुसार एका वहीत ठेवावी. वर्षभरात आपल्या जमिनीतील अडुळशाचे प्रमाण हाती येते व मात्रेत सातत्य राखता येते.

शार्ङ्गधरांनी पुटपाक रसाची मात्रा एक पल व त्यात मध एक कर्ष सांगितला आहे. आजच्या रुग्णबलाचा विचार करता फार्माकोपियातील दहा ते वीस मिलिलिटर ही मात्रा प्रौढांस योग्य ठरते. स्वरस त्याच दिवशी वापरावा. उरलेला बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी देऊ नये.

आमच्या भागातील रुग्णांच्या दृष्टीने येथे एक अडचण उभी राहते. पाटोदा व परिसरातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस परततात. उघड्यावरील कोपीतील रात्रीचे दव, चुलीचा धूर, पाचटाची धूळ यांमुळे कास व श्वासाचे विकार याच काळात बळावतात, आणि नेमक्या त्याच काळात रुग्ण वैद्याच्या कुंपणापासून दूर असतो. अशा रुग्णांसाठी ताज्या स्वरसापासून सिद्ध केलेला वासावलेह हा उत्तम मार्ग होय. वासास्वरस, शर्करा, पिप्पली व घृत यांचा पाक करून पूर्ण निवल्यावर मध मिसळला जातो. वर्षा ऋतूतील छाटणीच्या पानांपासून आश्विनापूर्वी अवलेह करून ठेवल्यास स्थलांतराच्या वेळी तो बरोबर देता येतो. ताजेपणाचा निर्देश येथे कल्पाच्या आरंभी पाळला जातो.

मर्यादा व सावधानता

वासा असताना रक्तपित्ती, क्षयी व कासी रुग्णाने धीर सोडू नये, या आशयाचे वचन वैद्यवर्गात सुप्रसिद्ध आहे. त्या वचनाने दिलेला धीर खरा आहे. परंतु त्याचा विपरीत अर्थ घेतला जाऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, सायंकाळचा ज्वर, वजनातील घट किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास प्रथम शासकीय रुग्णालयात थुंकी तपासणीसाठी पाठविणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. क्षयरोगाचे निदान झाल्यास ते औषध अखंड घेतले गेले पाहिजे. वासा ही त्या चिकित्सेची जागा घेऊ शकत नाही. स्थलांतर करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत अडुळशाने खोकला थोडा उतरला म्हणून तपासणी लांबली, तर सहा महिन्यांनी तो अधिक क्षीण होऊन आणि कोपीतील लहान मुलांस बाधा करून परत येतो. हा धोका काल्पनिक नाही.

गर्भिणीस वासा देऊ नये. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत झालेल्या अभ्यासात वासिसिनची गर्भाशयसंकोचक क्रिया दिसून आली असून १९८० साली त्यावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागात स्त्रिया मासिक पाळी चुकल्याचे सहज सांगत नाहीत. म्हणून प्रजननक्षम वयातील विवाहितेस स्वरस देण्यापूर्वी स्पष्ट विचारणा करावी.

वातप्रधान शुष्क कासात एकटी वासा रूक्षता वाढविते. भावमिश्रांनी वातकर म्हटल्याचे मर्म येथे आहे. अशा अवस्थेत घृत, ज्येष्ठमध, द्राक्षा यांची जोड द्यावी किंवा वासाघृताचा विचार करावा. एक वर्षाखालील बालकास मधाचे अनुपान टाळावे. प्रमेही रुग्णास अवलेह देताना शर्करेचा हिशेब ठेवावा. अधिक मात्रेने उत्क्लेश व वमन होऊ शकते.

औषधालय मालकांसाठी

औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० मधील कलम ३३-ईईसी अन्वये विक्रीसाठी आयुर्वेदिक औषध तयार करण्यास परवाना आवश्यक आहे. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधास त्यातून सूट आहे. ही सूट वैद्यापुरती व त्याच्या रुग्णांपुरती मर्यादित असून दुकानातून स्वरस वा अवलेह बाटल्यांत भरून विकण्यास ती लागू होत नाही, हे औषधालय मालकांनी ध्यानात घ्यावे.

परवानाधारक निर्मात्यांनी आणि कच्चा माल ठेवणाऱ्या दुकानदारांनी वासापत्र शक्यतो अख्ख्या पानांच्या रूपातच घ्यावे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका व्यापाऱ्याकडून आलेल्या वासाचूर्णात दंतुर कडांचे तुकडे आढळले होते. चूर्ण बारीक असते तर ते दिसलेही नसते. अख्खे पान घेतल्यास समोरासमोरची मांडणी, अखंड कडा, गंध व कडू चव एवढ्या चार गोष्टींवरून जागच्या जागी निर्णय घेता येतो. पाने सावलीत वाळविलेली, हिरवट तपकिरी, बुरशीविरहित असावीत. संग्रहाचा महिना पोत्यावर लिहून घ्यावा व माल प्रकाशापासून दूर ठेवावा. परिसरातील शेतकऱ्यांनी बांधावर अडुळसा लावल्यास वर्षा व वसंत छाटणीची पाने थेट खरेदी करता येतील. बांधाला कुंपण, शेतकऱ्यास पूरक उत्पन्न व औषधालयास ओळखीचा माल, असा तिहेरी लाभ त्यातून होईल.

समारोप

अडुळसा दुर्मीळ नाही, महाग नाही व नाजूकही नाही. त्यामुळेच कदाचित त्याच्याकडे आपले दुर्लक्ष होते. दीड फुटांवर एक याप्रमाणे चौदा फाटे, पहिल्या वर्षी आठवड्यास चार-पाच हंडे पाणी आणि वर्षातून दोन मुख्य छाटण्या, एवढ्या श्रमात वैद्यास शास्त्राला अभिप्रेत असलेले ताजे द्रव्य बारमाही मिळू शकते. नऊ सदैवार्द्र द्रव्यांपैकी एकाच्या बाबतीत तरी आपण आचार्यांचा शब्द पाळू शकतो. हे कुंपण दोन वर्षे टिकले की त्याच्यावर गुळवेल चढवावी, आडोशाला शतावरी लावावी. यादीतील आणखी दोन द्रव्ये अंगणात येतील.

सभासद वैद्यबंधू-भगिनींनी येत्या फेब्रुवारीत फाटे लावावेत, ओळख पटलेल्या झुडपांचे फाटे परस्परांस द्यावेत आणि स्वरसाच्या नोंदी ठेवाव्यात, ही नम्र विनंती.